आहुपे घाटाने भीमाशंकर आणि पुढे आळंदी : पायी यात्रेची वाट आणि तयारी

कोकणातून भीमाशंकरला पायी जाण्याच्या वाटा अनेक आहेत. कर्जत तालुक्यातल्या खांडसहून चढणारे गणेश घाट आणि शिडी घाट सर्वांत जास्त वापरात आहेत. त्यांच्या उत्तरेला, मुरबाड तालुक्यातल्या खोपिवलीहून चढणारा आहुपे घाट त्या मानाने शांत आहे. हा घाट आंबेगाव तालुक्याच्या अगदी पश्चिम टोकाला असलेल्या आहुपे गावात निघतो. तिथून घाटमाथ्याच्या जंगलातून भीमाशंकर पायवाटेने एका पूर्ण दिवसाच्या अंतरावर आहे. ज्याला एवढ्यावर थांबायचे नाही, त्याला भीमेच्या काठाकाठाने भोरगिरी, वाडा, चास, राजगुरुनगर करत आळंदी गाठता येते. कोकणतळ, घाट, अभयारण्य, आदिवासी वाड्या, धरणाचा फुगवटा आणि शेवटी उसाचा बागायती पट्टा एवढे सगळे या एकाच यात्रेत पायाखालून जाते. साधारण आठवडाभरात ती पूर्ण होते.

पंढरीच्या वारीचा अनुभव असलेल्या माणसाला ही वाट सोपी वाटण्याचा संभव आहे, कारण रोजचे अंतर वारीइतकेच किंवा त्याहून कमी भरते. ही समजूत आधीच दूर केलेली बरी. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे २५० किलोमीटरचे अंतर वारकरी चालतो तेव्हा त्याच्या दिंडीबरोबर सामानाचा ट्रक असतो, पाण्याचे टँकर असतात, विसाव्याची आणि मुक्कामाची ठिकाणे ठरलेली असतात, वैद्यकीय पथके असतात. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात पालखी सोहळ्याला शिस्त लावून दिली, तेव्हापासून ही व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या घडत आली आहे. आहुप्याच्या वाटेवर यातले काहीच नाही. इथे गावे आहेत, आणि गावांकडे जे आहे तेवढेच यात्रेकरूला मिळते. उन्हाळ्यात ते हंडाभर पाणीही असू शकते. म्हणून या वाटेचे नियोजन किलोमीटर मोजून होत नाही. कोणत्या महिन्यात कोणत्या गावाला किती माणसांचा भार सोसेल, यावरून ते होते. पाच-सहा जणांचा गट या वाटेला योग्य. तीस जणांची दिंडी न्यायची असेल, तर शिधा, पाणी आणि मुक्काम यांची बोलणी गावांशी आधीच व्हायला हवीत.

काळ निवडताना भाविकांच्या मनात दोनच पर्वकाळ येतात, श्रावणातले सोमवार आणि महाशिवरात्र. पायी चालणाऱ्यासाठी या दोन्हींमध्ये अडचणी आहेत. श्रावणात घाटमाथ्यावर दाट धुके असते, कातळावर शेवाळ धरलेले असते आणि ओढे तासाभरात फुगतात. भीमाशंकरच्या डोंगररांगेत वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. याच आहुपे खोऱ्यातल्या माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी डोंगर कोसळला आणि १५१ माणसे गाडली गेली. मुसळधार पावसाच्या इशाऱ्यानंतर प्रशासन घाटवाटा आणि धबधब्यांचा परिसर बंद करते तेव्हा त्यामागे हा इतिहास असतो, हे ध्यानात ठेवावे. बंदीतून पळवाट काढून देणारा वाटाड्या मिळाला तरी त्याच्यामागे जाऊ नये.

महाशिवरात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. रात्री थंड असतात, पण दुपारी कोकणातून चढताना ऊन बाधते, आणि माथ्यावरचे झरे तोवर आटू लागलेले असतात. वाळलेल्या गवतामुळे वणव्याची भीती असते. भीमाशंकरला गर्दी इतकी असते, की जंगलातून दिवसभर शांतपणे चालून आलेला माणूस दर्शनरांगेत सगळी शांतता गमावतो. एप्रिल-मे तर या वाटेसाठी सोडूनच द्यावेत.

सर्वांत उत्तम काळ कार्तिकाचा. भीमाशंकराची कथा त्रिपुरासुराच्या वधाशी जोडलेली आहे आणि त्रिपुरी पौर्णिमा कार्तिकातच येते. त्यानंतर अकराव्या दिवशी, कार्तिक वद्य एकादशीला, आळंदीची यात्रा भरते, आणि त्रयोदशीला ज्ञानेश्वर महाराजांचा समाधी सोहळा असतो. म्हणजे पौर्णिमेला भीमाशंकर आणि दशमीपर्यंत आळंदी असा बेत आखला, तर शैव आणि वारकरी अशी दोन्ही क्षेत्रे एकाच चालीत साधतात आणि हाताशी काही दिवस मोकळे उरतात. नोव्हेंबरची हवा कोरडी, झऱ्यांना पाणी, भात कापणीला आलेले किंवा खळ्यात पडलेले. गावात माणसे भेटतात, मात्र ती कामात असतात. त्यांचा वेळ जपून मागावा.

शरीराची तयारी किमान महिनाभर आधी सुरू करावी. पहिले दोन आठवडे रोज पाच-सहा किलोमीटर सपाटीवर, पुढचे दोन आठवडे पाठीवर पिशवी घेऊन चढउतारावर. टेकडी जवळ नसेल तर इमारतीचे जिने चालतात. चढण दमवते, पण गुडघे दुखवते ती उतरण. म्हणून सरावात उतरण्यावर अधिक भर द्यावा. पुण्या-मुंबईच्या व्यायामशाळेतल्या चालत्या पट्ट्यावर कमावलेला दम घाटात उपयोगी पडतो, घोटा मात्र तिथे तयार होत नाही. घोट्याला खडबडीत जमीनच लागते.

पायताण नवे घालून कधीही निघू नये. घाटासाठी खोल नक्षीच्या तळव्याचे, घोट्याला आधार देणारे बूट आणि पुढच्या डांबरी टप्प्यासाठी हलके, हवेशीर बूट किंवा पट्ट्याची चप्पल अशा दोन जोड्या लागतात. पाय ओले राहिले की फोड येतो. दर दोन तासांनी बूट-मोजे काढून पाय वाळवले आणि घासणाऱ्या जागी वेळीच चिकटपट्टी लावली, तर फोड बहुतेक वेळा टळतो. तो आलाच तर वरची कातडी सोलू नये. निर्जंतुक सुईने बुडाशी टोचून पाणी काढावे, जंतुनाशक लावून झाकावे. मधुमेह असलेल्यांनी हा उपाय स्वतः करू नये, आणि रोज संध्याकाळी दुसऱ्या कोणाकडून तरी तळपाय तपासून घ्यावेत, कारण जखम झालेली त्यांना कळतेच असे नाही. अनवाणी चालण्याचा नवस असणाऱ्यांनी तो आळंदीच्या वेशीपासून फेडावा. घाटात बाभूळ-बोरीचे काटे आणि तापलेला कातळ आहे.

पाठीवरचे ओझे सहा-सात किलोंच्या वर जाऊ नये. अंगावरच्या कपड्यांखेरीज एक जोड, रात्रीसाठी स्वेटर आणि कानटोपी, शाल किंवा हलकी पांघरायची पिशवी, ताट-वाटी-पेला, विजेरी, शिट्टी, दोरीचा छोटा गुंडाळा, सुई-दोरा, प्रथमोपचाराचे सामान आणि आपली रोजची औषधे. काठी हवीच. कारवीची चालते, बांबूची अधिक चांगली. पाण्यासाठी दोन-दोन लिटरच्या दोन बाटल्या घ्याव्यात, मग त्यासाठी एखादा कपडा कमी झाला तरी चालेल. खाण्याला गूळ-शेंगदाणे, खजूर, भडंग, दशम्या. मीठ-साखरेच्या जलसंजीवनीच्या पुड्या माणशी चार-पाच असाव्यात. उपवास धरून चालणारे लोक अनेकदा फक्त चहा आणि केळ्यांवर दिवस काढतात आणि दुपारी पायात गोळे येऊन बसतात. उपवासालाही मीठ चालते, ते पाण्यातून घ्यावे.

वाटेची सुरुवात कल्याणहून. तिथून मुरबाडला एसटी सहज मिळते. मुरबाडहून म्हसा आणि पुढे देहरी-खोपिवलीच्या बाजूला जाणारी वाहने कमी आहेत, म्हणून मुरबाड सकाळी लवकर सोडावे. म्हसा हे पौष पौर्णिमेच्या जत्रेसाठी प्रसिद्ध आहे. तिथला गुरांचा बाजार आणि घोंगड्यांची दुकाने यांसाठी घाटावरची माणसेही खाली येत आली आहेत. आहुपे घाट ही त्या ये-जा करणाऱ्यांची वाट. ती ट्रेकिंगसाठी शोधून काढलेली नाही, म्हणूनच ती डोंगराची सर्वांत सोयीची चढण धरते आणि बराच काळ रुंद, मळलेली राहते.

खोपिवलीहून निघताना डाव्या-उजव्या बाजूचे सुळके पाहून दिशा धरता येते. गोरखगड आणि त्याला चिकटलेला मच्छिंद्रगड हे दोन सुळके मुख्य रांगेपासून पुढे सरकून उभे आहेत. चढताना सुरुवातीला ते डोक्यावर दिसतात, माथ्यावर पोचल्यावर पायाखाली. चुकायची जागा वर नाही, खालच्या रानात आहे. तिथे गुरांच्या आणि लाकूडफाट्याच्या वाटा फुटतात आणि त्या मुख्य वाटेपेक्षा ठळक दिसतात. गावातून एखाद्या माणसाला घाटाच्या तोंडापर्यंत बरोबर घ्यावे आणि त्याची मजुरी आधी ठरवून द्यावी. चढण आठशे मीटरच्या आसपास आहे. सवयीच्या माणसाला तीन तास, बाकीच्यांना चार किंवा त्याहून जास्त लागतात. सकाळी सातच्या आत चढायला लागावे. घाटात पाण्याचा भरवसा धरू नये.

या कड्यांवर आग्या मोहोळे असतात. अत्तर, उग्र वासाचे तेल, धूर, फटाके आणि आरोळ्या यांपैकी काहीही त्यांना चेतवायला पुरते. माथ्यावर पोचल्याचा आनंद ‘हर हर महादेव’च्या गजरात व्यक्त करायचा तो गावात शिरल्यावर. माश्या उठल्याच तर हात झाडत उभे राहू नये. डोके-चेहरा झाकून दाट झाडीकडे निघून जावे, कड्याच्या दिशेने कधीच नाही.

आहुपे गाव कड्यापासून जवळच आहे. कड्यावरून खाली मुरबाडचा मुलूख, समोर गोरख-मच्छिंद्र आणि दक्षिणेला सिद्धगडाचा डोंगर दिसतो. याच सिद्धगडाच्या रानात २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इंग्रजांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. गावाची बहुतेक वस्ती महादेव कोळी समाजाची आहे आणि आंबेगावचा हा पश्चिम भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. भात, नाचणी, वरई ही इथली पिके. रोख पैसा बऱ्याच अंशी हिरड्यातून येतो. झाडावरून कोवळी फळे उतरवून वाळवली की तो बाळहिरडा होतो आणि व्यापारी किंवा आदिवासी विकास महामंडळ तो विकत घेते. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात जुन्नर-आंबेगावातली हिरड्याची झाडे मोठ्या प्रमाणावर मोडली, तेव्हा घरांची सालभराची मिळकत गेली. हे सांगायचे कारण असे, की वाटेवरचे हिरड्याचे झाड रानातले, कुणाचे नाही, असे समजून फांद्या ओढण्याची चूक अनेक जण करतात. या झाडांवर घरोघरचा हक्क चालत आलेला असतो.

मुक्कामाची सोय गावातल्या घरांत होते. आधी दूरध्वनीवरून कळवले, तर जेवण तयार मिळते. न कळवता आठ माणसे संध्याकाळी दारात उभी राहिली, तर नाही कोणी म्हणणार नाही, पण त्या घरची दुसऱ्या दिवसाची भाकरी त्या रात्री संपते. दर आधी विचारावा आणि घासाघीस करू नये. ‘देवाला निघालेल्यांकडून पैसे कसले घ्यायचे’ असे घरातली आजी म्हणाली, तरी पैसे द्यावेत. तिने नाहीच घेतले, तर तेवढ्या किमतीचा शिधा, म्हणजे तेल, डाळ, चहा-साखर, निघताना घरात ठेवावा. पोरांना गोळ्या-चॉकलेटे वाटत सुटण्याची शहरी सवय इथे टाळावी. तिने मुलांना येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यापुढे हात पसरण्याची सवय लागते. गावात शासकीय आश्रमशाळा आहे. काही द्यायचेच असेल तर शिक्षकांना विचारून वह्या-पुस्तके द्यावीत.

जेवणात नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, भात, उडदाचे किंवा मसुराचे पातळ कालवण, हंगामात रानभाजी. जे शिजले असेल ते खावे. उपवास असेल तर आधी सांगावे, म्हणजे वरईचा भात मिळतो. साबुदाण्याची अपेक्षा धरू नये. देवळात मुक्काम करायचा असल्यास गुरव किंवा गावातल्या जाणत्या माणसाला विचारावे. सप्ताह चालू असेल तर आपोआपच आसरा मिळतो, पण मग संध्याकाळच्या हरिपाठाला बसणे आणि पहाटे काकड्याला उठणे हे आलेच. भीमाशंकरला निघालेल्या शिवभक्तानेही त्यात हात आखडू नये.

पाण्याबद्दल थोडे अधिक. एवढा पाऊस पडणाऱ्या या माथ्यावर उन्हाळ्यात पाण्याची ओढ असते, कारण कातळावरून पाणी थांबत नाही, ते घोड नदीने खाली डिंभे धरणात जाते. या धरणाच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव आहे आणि ज्या गावाच्या नावावरून तालुका ओळखला जातो ते जुने आंबेगाव याच जलाशयाखाली आहे. म्हणजे पाण्यासाठी जमीन देणाऱ्या खोऱ्याच्या माथ्यावरच्या बाया फेब्रुवारीनंतर डोक्यावर हंडे घेऊन चढउतार करतात. अशा ठिकाणी पाहुण्याने बादलीभर गरम पाण्याची आंघोळ मागणे शोभत नाही. ओल्या फडक्याने अंग पुसणे भागते. पिण्याच्या विहिरीवर साबण, दात घासणे, भांडी धुणे पूर्ण वर्ज्य. शौचासाठी शाळेतले किंवा घरातले स्वच्छतागृह विचारून वापरावे. रानात जावे लागले, तर झऱ्यापासून निदान शंभर पावले दूर, खड्डा करून. वापरलेले सॅनिटरी पॅड बरोबर नेलेल्या बंद पिशवीत साठवून शहरात आणावेत.

आहुपेत एक दिवस मुक्काम वाढवावा तो देवराईसाठी. भैरवनाथाच्या नावाने राखलेले हे रान म्हणजे घाटमाथ्यावरच्या जुन्या सदाहरित जंगलाचा टिकून राहिलेला तुकडा. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात पश्चिम महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास सुरू केला, तेव्हापासून या भागातल्या देवराया वनस्पतिशास्त्रज्ञांच्या नकाशावर आल्या. गावकऱ्यांना त्या आधीपासून ठाऊक होत्याच. इथला नियम साधा आहे, देवाच्या रानातले काही बाहेर न्यायचे नाही. पडलेली काटकी, बी, मध, फूल यांतले काहीच नाही. गावातल्या कुणाला तरी बरोबर घेऊनच आत जावे. पावसाळ्याच्या सुरुवातीला कुजत्या लाकडावरची बुरशी रात्री उजळते म्हणून ती पाहायला येणाऱ्यांचे लोंढे अलीकडे वाढले आहेत. रात्री रानात शिरण्यावर वनविभागाचे निर्बंध असतात आणि ते यात्रेकरूलाही लागू आहेत.

आहुपे ते भीमाशंकर हा टप्पा सात-आठ तासांचा. आहुपे भीमाशंकर अभयारण्याच्या हद्दीत येते आणि पुढची वाट कोंढवळच्या बाजूने याच अभयारण्यातून जाते. १९८५ मध्ये घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र सुमारे १३० चौरस किलोमीटर आहे आणि ते पुणे, ठाणे, रायगड अशा तीन जिल्ह्यांत पसरले आहे. राज्यप्राणी शेकरू इथला. त्याची काटक्या-पानांची घरटी उंच झाडांवर दिसतात, तो स्वतः दिसेलच याची खात्री नाही. गप्पा मारत चाललेल्या गटाला तर नाहीच.

या टप्प्यावर वाटाड्या घ्यावाच. फोनमधल्या नकाशावर सोडून चालत नाही. जंगलात पायवाटा सारख्या दिसतात, झाडीखाली दूरचे डोंगर दिसत नाहीत आणि धुके उतरले की कडा दहा पावलांवर येईपर्यंत कळत नाही. मोबाइलला रेंज क्वचित मिळते. गटातला सर्वांत हळू चालणारा माणूस दुसऱ्या क्रमांकावर आणि अनुभवी माणूस शेवटी, अशी रांग लावली की कुणी मागे राहत नाही. वाट चुकल्याची शंका आली की पुढे न जाता शेवटच्या ओळखीच्या जागेपर्यंत परत यावे. चूल किंवा शेकोटी अभयारण्यात पेटवू नये, दुपारचे जेवण आहुपेतूनच बांधून घ्यावे. पाला-पाचोळ्यात पाय टाकण्याआधी काठी आपटावी. घोणस, मण्यार, फुरसे आणि झाडावर बसणारा हिरवा चापडा हे सगळे या रानात आहेत.

साप चावल्यास जखम कापणे, चोखणे, वर करकचून दोरी बांधणे यातले काही करू नये. माणसाला चालू न देता, चावलेला अवयव हलणार नाही असा ठेवून डोली किंवा झोळी करून रस्त्यावर आणावे. आहुपेच्या बाजूला अडिवरे येथे प्राथमिक आरोग्य केंद्र आणि घोडेगावला ग्रामीण रुग्णालय आहे, कोकणच्या बाजूला मुरबाडला. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलिसांसाठी ११२ हे क्रमांक आहेत. पण रेंज नसल्याने गावातला धावता तरुण बऱ्याचदा आधी पोचतो. म्हणूनच निघताना गावच्या पोलीस पाटलाला गटाची संख्या, जाण्याची वाट आणि पोचण्याची अपेक्षित वेळ सांगून ठेवावी, आणि पोचल्यावर निरोप पाठवावा. निरोप न पाठवल्यास गावकरी रात्री कंदील-विजेऱ्या घेऊन शोधायला निघतात.

भीमाशंकराचे मंदिर दोनशेहून अधिक पायऱ्या उतरून खोलगटात आहे. शिखराचे काम नाना फडणविसांच्या काळातले. मंदिरापुढची मोठी घंटा पोर्तुगीज बनावटीची आहे. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, त्यानंतर अशा घंटा मराठी मुलखातल्या अनेक देवळांत आल्या. दर्शनाची वेळ, रांगेची पद्धत आणि चालू बांधकामे बदलत असतात, त्यांची चौकशी निघण्याच्या आठवड्यात करावी. पहाटेचे दर्शन निवांत होते. माकडे हातातली पिशवी ओढतात, तेव्हा प्रसाद झाकून न्यावा. ज्यांची यात्रा इथेच संपते, त्यांना घोडेगाव-मंचरकडे आणि पुण्याकडे एसटी मिळते.

भीमाशंकरहून खांडसला उतरून कर्जत गाठण्याचा मोह कोकणातल्या माणसाला होतो. उतरायचेच असेल तर गणेश घाटाने. तो लांब पडतो, पण सुरक्षित आहे. शिडी घाटातल्या लोखंडी शिड्या पाठीवर ओझे घेऊन, थकल्या गुडघ्यांनी आणि तोंड कड्याकडे करून उतरणे हा वेगळा उद्योग आहे. पावसात तर त्याचे नावही काढू नये.

आळंदीकडे जाणाऱ्यांनी मंदिरापासून भोरगिरीची पायवाट धरावी. ती सोपी आहे, झाडीतून भीमेच्या सोबतीने उतरते आणि वाटेत गुप्त भीमा लागते. तीन तासांत भोरगिरी येते. गावालगत कोटेश्वराचे जुने मंदिर आणि त्यावर भोरगिरीचा छोटा किल्ला आहे. इथून राजगुरुनगर रस्त्याने सुमारे ५० किलोमीटर. पायवाट संपून डांबरी सडक सुरू होते, तशी चालण्याची रीतही बदलावी लागते. बूट बदलावेत, उजव्या कडेने, म्हणजे समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने चालावे, पाठीवर चमकणारी पट्टी लावावी. वाडा आणि चास ही मुक्कामाला सोयीची गावे. दोन्हीकडे दुकाने आहेत, त्यामुळे शिधा वाहण्याचे कारण उरत नाही. चास हे पेशवे घराण्यातल्या काशीबाईंचे माहेर. नदीकाठचे सोमेश्वर मंदिर आणि त्यापुढची दगडी दीपमाळ पाहण्यासारखी आहे.

वारकऱ्यांना पहाटे तीन-चारला चालायला लागण्याची सवय असते. या पट्ट्यात ती सोडावी. जुन्नर, आंबेगाव आणि खेड तालुक्यांत बिबटे उसाच्या शेतांत राहतात, तिथेच पिल्ले वाढवतात, आणि त्यांचा फिरण्याचा काळ संध्याकाळ ते पहाट हाच आहे. डिंभे आणि चासकमान धरणांच्या पाण्याने ऊस वाढला तसे बिबट्यांचे ठाणेही पूर्वेला सरकले. जखमी आणि पकडलेल्या बिबट्यांसाठी जुन्नरजवळ माणिकडोहला निवारा केंद्र आहे, यावरून प्रश्नाचा आकार कळावा. इथे उजाडल्यावर निघावे, दिवेलागणीच्या आत मुक्कामी पोचावे. शेताच्या बांधावर एकट्याने, वाकून किंवा बसून राहू नये. लहान मुले आणि वृद्ध रांगेच्या मधे ठेवावेत. मोठ्याने चाललेला हरिपाठ आणि टाळांचा आवाज इथे खरोखरच उपयोगी पडतो.

राजगुरुनगर, म्हणजे जुने खेड, हे हुतात्मा राजगुरूंचे गाव. इथून आळंदी सुमारे २५ किलोमीटर, पण मधला चाकणचा औद्योगिक पट्टा पायी चालणाऱ्यासाठी वाटेतला सर्वांत वाईट भाग आहे. अवजड वाहने, धूर आणि कडेला चालायला जागा नाही. महामार्ग टाळून आतल्या गावरस्त्यांनी गेल्यास चार-पाच किलोमीटर वाढतात, ते वाढू द्यावेत. कार्तिकीच्या दिवसांत या रस्त्यांवर कोकणातून आणि नाशिक-नगरकडून आलेल्या दिंड्या भेटतात. त्यांच्यात सामील व्हायचे असल्यास विणेकऱ्याला किंवा दिंडीचालकाला विचारावे आणि पंगतीत बसण्याआधी भिशीचा, म्हणजे दिंडीच्या सामायिक खर्चाचा, वाटा द्यावा. आळंदीत दशमीच्या दुपारपर्यंत पोचले तर धर्मशाळेत किंवा दिंडीच्या राहुटीत जागा मिळण्याची शक्यता असते. एकादशीला पोचणाऱ्याने इंद्रायणीच्या घाटावर उघड्यावर रात्र काढायची तयारी ठेवावी, आणि समाधीच्या दर्शनरांगेला बारा तासांहून अधिक लागू शकतात हे धरून परतीचे आरक्षण द्वादशीच्या आत करू नये.